गॅलिलिओच्या आधीची हजार वर्षं खरंच रिकामी होती का? (स्कोलॅस्टिक लोक, ग्रीक विचार आणि विज्ञान)

वाचनवेडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून शेवटी धागा काढतेय. आपल्याला विज्ञानाचा इतिहास साधारण असा सांगितलेला असतो की ग्रीकांनी सुरुवात केली, मग हजारेक वर्षं नुसता अंधार, चर्चने सगळं दाबून ठेवलं, आणि मग कोपर्निकस, गॅलिलिओ आले आणि उजाडलं. मी पण हेच धरून चालले होते. सध्या गॅलिलिओचं १६३८ चं दोन नव्या शास्त्रांवरचं पुस्तक भाषांतरातून हळूहळू वाचतेय, त्यात तिसऱ्या दिवसाच्या संवादात एकसारख्या वाढणाऱ्या वेगाबद्दल पहिलंच प्रमेय येतं, आणि तिथे खाली टीप आहे की हे प्रमेय ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमधल्या लोकांनी चौदाव्या शतकातच मांडलं होतं. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं आधी! आणि ते लोक कोण, तर स्कोलॅस्टिक, म्हणजे मध्ययुगीन युनिव्हर्सिट्यांमधले विद्वान, ज्यांच्याबद्दल मी आत्तापर्यंत एवढंच ऐकलं होतं की सुईच्या टोकावर किती देवदूत मावतात यावर वाद घालत बसायचे.

तर प्रश्न असा की ह्या लोकांच्या हातात ग्रीकांचं नेमकं काय आलं होतं, कुठून आलं होतं, आणि त्यांनी त्याचं पुढे काय केलं? नुसतं जपून ठेवलं की खरंच काही भर घातली? मी फिजिक्स शिकलेय पण तत्त्वज्ञानाचा इतिहास अजिबात वाचलेला नाही, त्यामुळे जरा सोपं करून सांगा.

पोथीपान

चांगला विषय काढलात. आधी ते देवदूतांचं बाजूला ठेवतो, कारण सुईच्या टोकावरचा प्रश्न कुठल्याही स्कोलॅस्टिक लेखकाने विचारलेला सापडत नाही, ती त्यांची चेष्टा करायला सतराव्या शतकात प्रचारात आलेली गोष्ट आहे. तेराव्या शतकातला धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस, त्याने एवढं मात्र विचारलंय की एकाच जागी अनेक देवदूत असू शकतात का, पण त्याचा रोख जागा व्यापणं म्हणजे काय, शरीर नसलेली वस्तू ‘इथे आहे’ असं म्हणायचं तर कुठल्या अर्थाने, असा आहे.

आता ग्रीक माल कुठून आला. हे नीट कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून जरा लांब लिहितो.

रोमचं राज्य पश्चिमेकडे कोसळल्यावर तिथली ग्रीक भाषा जाणणारी माणसं भराभर कमी होत गेली. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बोएथियस नावाच्या विद्वानाला हे समोर दिसत होतं आणि त्याने ठरवलं होतं की प्लेटो आणि ॲरिस्टॉटल अख्खे लॅटिनमध्ये आणायचे. त्याने सुरुवात तर्कशास्त्रापासून केली, आणि तेवढ्यात इटलीवर राज्य करणाऱ्या थिओडोरिक राजाने राजद्रोहाच्या आरोपाखाली त्याला तुरुंगात टाकून सन ५२४ च्या सुमारास मारून टाकलं. त्यामुळे पुढची पाचसहाशे वर्षं लॅटिन युरोपकडे ॲरिस्टॉटल म्हणजे मुख्यतः तर्कशास्त्राची दोन छोटी पुस्तकं, आणि प्लेटो म्हणजे ‘टिमेयस’चा एक तुकडा, एवढीच शिदोरी होती. फिजिक्स नाही, प्राणिशास्त्र नाही, टॉलेमीचं खगोल नाही, आणि युक्लिडही जवळजवळ नाहीच. माणूस अजून पाच वर्षं जगला असता तर काय झालं असतं हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

तिकडे पूर्वेला मात्र हे सगळं जिवंत होतं. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकसारखे लोक एकाच ग्रंथाच्या अनेक ग्रीक प्रती गोळा करून, एकमेकींशी ताडून, चुका दुरुस्त करून मग सिरियाक आणि अरबीत भाषांतर करत होते. आणि अरबी लेखक म्हणजे ग्रीकांचं टपाल पोचवणारे होते असं जे लिहिलं जातं ना, ते मला अजिबात पटत नाही. इब्न सीनाने ॲरिस्टॉटल पचवून स्वतःची वेगळी मांडणी केली, इब्न अल-हैथमने प्रकाशावर जे काम केलं तसं ग्रीकांकडे नव्हतंच, आणि इब्न रुश्दने ॲरिस्टॉटलवर इतक्या बारकाईने भाष्यं लिहिली की पुढे लॅटिनमध्ये ‘भाष्यकार’ एवढंच म्हटलं की तोच समजायचा, जसं नुसतं ‘तत्त्वज्ञ’ म्हटलं की ॲरिस्टॉटल.

मग १०८५ मध्ये स्पेनमधलं टोलेडो शहर ख्रिस्ती राजाच्या ताब्यात आलं आणि तिथली अरबी ग्रंथांची भांडारं लॅटिन लोकांना खुली झाली. क्रेमोनाचा जेरार्ड नावाचा इटालियन माणूस टॉलेमीचं ‘अल्माजेस्ट’ हे खगोलावरचं पुस्तक वाचायला मिळावं एवढ्याच ओढीने टोलेडोला आला, त्यासाठी अरबी शिकला, ११७५ मध्ये ते भाषांतर पूर्ण केलं, पण तोवर तिथला पुस्तकांचा ढीग बघून त्याला परत जाववेना. ११८७ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या शिष्यांनी त्याच्या भाषांतरांची यादी केली, ती सत्तरच्या वर निघाली! काम कसं चालायचं ते पण बघण्यासारखं आहे. इब्न सीनाचा आत्म्यावरचा ग्रंथ भाषांतरित झाला तेव्हा इब्न दाऊद हा ज्यू विद्वान अरबी वाचून शब्द न् शब्द तिथल्या बोलीत सांगत होता आणि गुंदिसाल्वी हा ख्रिस्ती पाद्री ते ऐकून लॅटिनमध्ये उतरवत होता. मुसलमानाचं पुस्तक, ज्यू वाचणारा, ख्रिस्ती लिहिणारा.

शिवाय थेट ग्रीकमधूनही कामं झाली, बाराव्या शतकात व्हेनिसच्या जेम्सने, आणि तेराव्यात मोर्बेकच्या विल्यमने, ज्याने ॲरिस्टॉटल जवळपास सगळा तपासून नव्याने दिला आणि १२६९ मध्ये आर्किमिडीजपण लॅटिनमध्ये आणला. म्हणजे दीडशे वर्षांच्या आत अख्खा ॲरिस्टॉटल, त्यावरची अरबी भाष्यं, युक्लिड, टॉलेमी, गेलन, असं सगळं एकदम अंगावर आलं. आणि ज्या वेळी आलं नेमक्या त्याच वेळी बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड इथे युनिव्हर्सिट्या उभ्या राहत होत्या. स्कोलॅस्टिक हा शब्दच मुळात शाळेवरून आलाय. हे ग्रंथ त्यांचा अभ्यासक्रम झाले.

वाचनवेडी

बाप रे, हे मला काहीच माहीत नव्हतं. पण मग चर्चने हे चालू कसं दिलं? ॲरिस्टॉटल तर म्हणतो ना की जग अनादि आहे, ते सरळ बायबलच्या विरुद्ध जातं.

पोथीपान

सहजासहजी नाहीच दिलं. १२१० मध्ये पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटलचे निसर्गावरचे ग्रंथ शिकवायला बंदी घातली, १२१५ मध्ये ती परत सांगितली, १२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी म्हणाला की ग्रंथ तपासून चुकीचं काढून टाकलं की मग वापरा, ते तपासणं काही पूर्ण झालं नाही, आणि १२५५ मध्ये त्याच पॅरिसच्या कलाशाखेने ॲरिस्टॉटलची उपलब्ध असलेली झाडून सगळी पुस्तकं अभ्यासक्रमात सक्तीची केली. पंचेचाळीस वर्षांत बंदीपासून सक्तीपर्यंत! यात अल्बर्टस मॅग्नस आणि त्याचा शिष्य अक्वायनस यांचा वाटा फार मोठा आहे, त्यांनी दाखवून दिलं की निसर्गाचा अभ्यास त्याच्या स्वतःच्या नियमांनी करता येतो आणि त्याने श्रद्धेला धक्का लागत नाही. अल्बर्टस तर झाडं, प्राणी, खनिजं स्वतः निरखून लिहायचा. त्याचं एक म्हणणं मला फार आवडतं, ते असं की ॲरिस्टॉटलला कोणी देव मानत असेल तर त्याने कधीच चूक केली नाही असं मानावं लागेल, पण माणूस मानत असेल तर आपल्यासारखाच तोही चुकू शकतो.

तर्कटी

पोथीपान यांनी रस्ता सांगितला, मी पद्धतीबद्दल लिहिते, कारण माझ्या मते विज्ञानाला खरी देणगी तिथून मिळाली.

ह्यांचं लिखाण पहिल्यांदा वाचताना कंटाळवाणं वाटतं, कबूल आहे, पण त्याचा साचा बघा. वर एक प्रश्न, हो किंवा नाही उत्तर येईल असा. मग ‘असं वाटतं की...’ म्हणून आपल्याला जे सिद्ध करायचंय त्याच्या बरोबर उलटी बाजू, एक एक मुद्दा करून. मग ‘पण याविरुद्ध...’ म्हणून एखादं प्रमाणवचन. मग ‘मी उत्तर देतो की...’ म्हणून लेखकाचं स्वतःचं मत, आणि शेवटी सुरुवातीच्या प्रत्येक आक्षेपाला वेगवेगळं उत्तर. आपल्याकडे पूर्वपक्ष मांडून मग सिद्धांताकडे जायची पद्धत आहे ना, ज्यांना ती माहितेय त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. अक्वायनस तर विरोधकाची बाजू इतकी ताकदीने मांडतो की कधीकधी वाटतं आता हा याला उत्तर काय देणार.

याची सुरुवात आबेलार्ड या फ्रेंच विचारवंतापासून धरतात. त्याने बाराव्या शतकात १५८ प्रश्न घेतले आणि प्रत्येक प्रश्नावर चर्चच्याच थोर आचार्यांची एकमेकांना काटणारी वचनं शेजारी शेजारी मांडून ठेवली आणि उत्तर दिलंच नाही, ते विद्यार्थ्यांनी शोधायचं. म्हणजे प्रमाणग्रंथ एकमेकांशी भांडतात तेव्हा निवाडा शेवटी तर्कानेच करावा लागतो, हे एकदा मान्य झालं की झालं, ते दार परत बंद करता येत नाही.

आणि युनिव्हर्सिटीत हे नुसतं कागदावर नव्हतं. जाहीर वाद व्हायचे, मास्तरने प्रश्न ठेवायचा, विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू लढवायच्या, मग मास्तरने निर्णय द्यायचा. वर्षातून ठरलेल्या वेळी असेही वाद असायचे की ज्यात समोर बसलेला कोणीही, कुठल्याही विषयावर, काहीही विचारू शकायचा आणि मास्तरला उत्तर द्यावं लागायचं. अशा तालमीत ॲरिस्टॉटलचं फिजिक्स पिढ्यान् पिढ्या ओळीओळीने तपासलं गेलं. ‘निर्वात पोकळी शक्य आहे का’, ‘फेकलेली वस्तू हात सुटल्यावर कशाने चालत राहते’, ‘पृथ्वी फिरत असेल तर आपल्याला कळेल का’, हे प्रश्न तिथे रोजचे होते. ॲरिस्टॉटलची पोपटपंची करणारे म्हणून ज्यांची बदनामी झाली त्यांनीच ॲरिस्टॉटलमधली भोकं सगळ्यात कसून शोधली, आणि याचं मला खरंच फार अप्रूप वाटतं.

मापपट्टी

चर्चा चांगली चालू आहे पण मला एक स्पष्ट विचारायचंय. एवढे वाद घातले, मोजलं काय? विज्ञान म्हणजे नुसता तर्क नाही. फेकलेली वस्तू कशाने चालते यावर तीनशे वर्षं लिहिलं पण कोणी एकदा तरी वस्तू सोडून वेळ मोजली का? माझ्या मते इथेच ते अडकले, आणि गॅलिलिओ इथेच वेगळा ठरतो.

गतीमान

मापपट्टी, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याच्याकडे येतोच, पण आधी मूळ प्रश्नकर्तीला जे हवंय ते म्हणजे नेमकी भर काय घातली, ते उदाहरणाने सांगतो. मी फिजिक्स शिकवतो आणि गतीचा धडा आला की हे वर्गात सांगतोच, मुलं एकदम कान टवकारतात.

पहिली गोष्ट फेकलेल्या वस्तूची. ॲरिस्टॉटलचं म्हणणं होतं की जे हलतंय त्याला कोणीतरी सतत हलवत असलं पाहिजे. मग दगड हातातून सुटल्यावर कोण हलवतं? तर तो म्हणतो हवा, हाताने हवेलाही ढकललेलं असतं आणि ती हवा दगडाला पुढे नेते. यावर सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात फिलोपोनसने टीका केली होती की नाही, फेकणारा वस्तूतच काहीतरी शक्ती घालतो. इब्न सीनाकडेही तसाच विचार आहे. पण पॅरिसमध्ये चौदाव्या शतकात ज्याँ बुरिदाँने यावर जी उदाहरणं दिली ती बघाच. म्हणतो, जात्याचं चाक फिरवून हात काढून घेतला तरी ते कितीतरी वेळ फिरत राहतं, आता ते जागा सोडून जातच नाही तर मागची हवा पुढे येऊन ढकलणार कुठून? भाला दोन्ही टोकांना अणकुचीदार केला तरी साध्या भाल्यासारखाच जातो, मागच्या टोकावर हवा ढकलायला बसणार कशी? आणि प्रवाहाविरुद्ध ओढत नेलेली नाव, ओढणं थांबवल्यावरही थोडी पुढे जातेच, तेव्हा डेकवरच्या नावाड्याला वारा मागून ढकलताना जाणवत नाही, समोरून अडवताना जाणवतो, आणि नावेत गवत भरलेलं असेल तर मागच्या बाजूच्या काड्या हवेने पुढे वाकायला पाहिजेत, त्या वाकत नाहीत!

तर बुरिदाँ म्हणाला की फेकणारा वस्तूला ‘इंपीटस’ देतो, आणि तो किती, तर वस्तूत द्रव्य जेवढं जास्त आणि वेग जेवढा जास्त तेवढा. आता तुम्हाला मास गुणिले वेग आठवला असेल, म्हणजे संवेग, आणि आठवायलाच हवा, पण एक फरक ध्यानात ठेवा. बुरिदाँचा इंपीटस हे गती चालू ठेवणारं कारण आहे, वस्तूच्या आत बसलेलं. न्यूटनकडे सरळ रेषेतल्या एकसारख्या गतीला कारणच लागत नाही. ही उडी बुरिदाँने मारली नाही. पण तो असं मात्र म्हणाला की हवा आणि वजन अडवत नसते तर इंपीटस संपला नसता, आणि देवाने सुरुवातीला ग्रहताऱ्यांना एकदाच इंपीटस देऊन सोडलं असेल तर त्यांना ढकलत राहायला वेगळ्या दैवी शक्ती कशाला हव्यात. आकाशाला आणि दगडाला एकच नियम लावायचा हा विचार, तोही १३५० च्या आसपास, मला दर वेळी वाचताना थांबायला लावतो.

दुसरी गोष्ट मर्टन कॉलेजची. तिथे ब्रॅडवर्डाइन, हेट्सबरी, स्वाइन्सहेड, डम्बल्टन ही मंडळी गतीला गणित लावत होती. ब्रॅडवर्डाइनला १३२८ मध्ये ॲरिस्टॉटलच्या नियमातली एक गडबड खुपत होती. वेग म्हणजे बल भागिले विरोध असं धरलं तर बल विरोधापेक्षा कमी असलं तरी थोडा का होईना वेग निघतो, जे उघड चूक आहे, मी डोंगराला ढकलला तर तो हळूहळू सरकत नाही. त्याने जो नवीन नियम काढला तो पण चूकच होता, पण नियमाला शून्यापाशी काय होतं बघून पकडायचं, ही सवय तिथे लागली. हाच माणूस पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि काही आठवड्यांत १३४९ च्या प्लेगमध्ये गेला.

ह्या लोकांनी ‘एका क्षणाचा वेग’ ही कल्पना वेगळी काढली. त्या क्षणी जो वेग आहे तोच कायम राहिला असता तर वस्तूने किती अंतर कापलं असतं, त्यावरून तो ठरवायचा. आणि मग हेट्सबरीने १३३५ मध्ये ते प्रमेय सांगितलं जे तुम्ही गॅलिलिओत वाचलंत. वेग एकसारखा वाढत असेल तर कापलेलं अंतर हे मधल्या वेगाने तेवढाच वेळ चालल्यावर होईल तेवढंच. म्हणजे शून्यापासून सेकंदाला २० मीटरपर्यंत १० सेकंदात वेग वाढला तर अंतर १० गुणिले १०, १०० मीटर. पॅरिसमध्ये निकोल ओरेमने त्याचं चित्रच काढलं, आडव्या रेषेवर वेळ, प्रत्येक क्षणी उभी रेष त्या वेळच्या वेगाएवढी, झाला त्रिकोण, आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. मधल्या उंचीचा आयत काढा, क्षेत्रफळ तेवढंच. डेकार्टच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधी हा माणूस ग्राफ काढत होता!

मापपट्टी

हे मान्य, हे छान आहे. पण गतीमान, तुम्हीच सांगा, हेट्सबरीने ते प्रमेय पडणाऱ्या दगडाला लावलं का? नाही. त्यांच्या उदाहरणात सॉक्रेटिस पळत असतो आणि प्लेटो त्याच्या दुप्पट पळत असतो. ओरेमची तीच आकृती उष्णतेला, पांढरेपणाला, मनातल्या भावनेलाही लावलेली आहे. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, मोजायची इच्छाही दिसत नाही. ‘समजा की’ म्हणायचं आणि हिशोब करायचा. मी हे त्यांना कमी लेखायला म्हणत नाहीये पण हा फरक झाकून ठेवला तर गॅलिलिओने काय केलं ते कळणारच नाही.

गतीमान

पूर्ण सहमत. त्यांचा एक शब्दप्रयोगच होता, ‘कल्पनेनुसार’. म्हणजे निसर्गात असं होतं की नाही हा प्रश्नच नाही, होऊ शकेल असं धरून पुढे काय निघतं ते बघायचं. गतीचं गणित तयार झालं पण ते अधांतरी होतं.

पोथीपान

मोजणी अजिबात नव्हती असं सरसकट म्हणू नका हो. दोन उदाहरणं देतो.

एक, फ्रायबर्गचा थिओडोरिक, डॉमिनिकन पंथाचा साधू. १३०० नंतरच्या पहिल्या दहा वर्षांत त्याने पाण्याने भरलेले काचेचे गोल घेतले, एक गोल म्हणजे पावसाचा एक थेंब असं मानलं, आणि त्यात प्रकाशाचा किरण कसा शिरतो, वळतो, आतल्या बाजूवर आपटून परत फिरतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो हे निरखलं. इंद्रधनुष्यात एक आतलं परावर्तन असतं आणि त्याच्या वर दिसणाऱ्या फिकट धनुष्यात दोन, म्हणून तिथे रंग उलटे दिसतात, हे त्याने बरोबर सांगितलं. आणि त्याच सुमारास इराणात कमालुद्दीन अल-फारिसीने पाण्याचा गोल घेऊनच हेच उत्तर काढलं, दोघांना एकमेकांची खबरही नसताना! दोघांच्या मागे इब्न अल-हैथमची परंपरा होती. ॲरिस्टॉटलने इंद्रधनुष्याचं कारण ढगावरून होणारं परावर्तन सांगितलं होतं, ते इथे मोडीत निघालं.

दुसरा, पीटर पेरेग्रिनस. १२६९ मध्ये इटलीतल्या लुचेराच्या वेढ्यात सैन्याबरोबर असताना त्याने चुंबकावर एक पत्र लिहिलं. गोल केलेल्या चुंबकदगडावर सुई ठेवून, सुई दाखवेल तशा रेषा आखत जाऊन त्या कुठे मिळतात ते बघून ध्रुव शोधायचे, चुंबक तोडला तर प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन ध्रुव मिळतात, हे सगळं हाताने करून बघून लिहिलंय. १६०० मध्ये गिल्बर्टने चुंबकावर मोठं पुस्तक लिहिलं त्याचा पाया हाच.

मापपट्टी

दोन्ही उदाहरणं चांगली आहेत, थिओडोरिकचं तर माहीतच नव्हतं, आता शोधून वाचतो. पण पेरेग्रिनस वर्गात वाद घालणारा नव्हता, हाताने काम करणारा माणूस होता, आणि थिओडोरिकनंतर तशी कामं करायची रीत पडली नाही. सुटी उदाहरणं आहेत. माझा आक्षेप थोडा मऊ झाला, गेला नाही.

वाचनवेडी

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, वाचनखूण साठवून ठेवलीय. अजून एक विचारते. कुठेतरी वाचलं की १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने एक मोठी बंदी घातली आणि त्यामुळेच आधुनिक विज्ञान जन्माला आलं. बंदीमुळे विज्ञान कसं काय जन्माला येईल?

तर्कटी

ते म्हणणं पिएर ड्युएमचं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यांत्रिकीचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा मध्ययुगात काही नसणार असंच त्यालाही वाटत होतं, आणि मग लिओनार्दोच्या वह्यांमधल्या कल्पना कुठून आल्या ते शोधत मागे मागे गेला तर बुरिदाँ आणि ओरेमच्या हस्तलिखितांपाशी पोचला. आज आपण हे सगळं बोलतोय ते बरंचसं त्याच्यामुळे.

७ मार्च १२७७ ला बिशप एतिएन ताँपिएने २१९ विधानं निषिद्ध ठरवली. त्यातली काही अशी होती की देव अनेक जगं निर्माण करू शकत नाही, किंवा देव आकाशाला सरळ रेषेत हलवू शकत नाही कारण मागे पोकळी राहील. हे ॲरिस्टॉटलच्या विचारातून निघत होतं. बिशपचं म्हणणं, देवाला ‘शक्य नाही’ म्हणणारे तुम्ही कोण? हेतू पूर्ण धार्मिक, आणि अक्वायनसच्या काही मतांनाही त्याची झळ लागली. पण परिणाम असा झाला की ॲरिस्टॉटलने अशक्य म्हणून सोडून दिलेल्या गोष्टी आता निदान देवाला शक्य आहेत असं धरून त्यावर विचार करणं भाग पडलं. पोकळी असेल तर त्यात दगड किती वेगाने पडेल? दोन जगं असतील तर मातीचा ढेकूळ कुठल्या जगाच्या मध्याकडे जाईल? मापपट्टी म्हणतात तो ‘समजा की’ इथून बळावला.

तरी त्यातून विज्ञान जन्मलं हे म्हणणं अति आहे आणि आज बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत. पोकळीतल्या गतीवर तर इब्न बाज्जा हा अरबी तत्त्वज्ञ आधीच लिहून गेला होता आणि इब्न रुश्दच्या भाष्यातून ते लॅटिन लोकांना माहीत होतं. शिवाय कुठलीही बंदी ही कोणाच्या तरी तोंडाला लावलेलं कुलूपच असते, पॅरिसमध्ये तेव्हा ज्या मास्तरांना गप्प बसावं लागलं त्यांचं काय, हे विसरून तिचं कौतुक करणं मला जमत नाही. विज्ञानाचा इतिहासकार कोयरे याने ड्युएमला उत्तर देताना म्हटलं की गॅलिलिओकडे आलेला बदल मुळापासूनचा होता, नुसती पुढची पायरी नव्हती. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, गणितापुरता ड्युएम आणि निसर्गाकडे बघायच्या नजरेपुरता कोयरे.

ओरेमचंच घ्या ना. १३७७ मध्ये त्याने फ्रेंचमध्ये लिहिताना म्हटलं की पृथ्वी रोज फिरत असली तरी अनुभवाने ते खोटं ठरवता येत नाही, कारण वर सोडलेला बाणही पृथ्वीबरोबर पुढे जातच असतो, जसं वेगात चाललेल्या जहाजावर कोणी डोलकाठीवरून हात सरळ खाली आणला तर त्याला तो सरळच आलेला दिसतो. याच बाणावरून बुरिदाँने पृथ्वी स्थिर आहे असं म्हटलं होतं, आणि ओरेमने तो मुद्दा काढून घेतला. एवढं सगळं करून शेवटी तो म्हणतो, तरी पण पृथ्वी स्थिरच आहे असं मी मानतो. अर्ध्या वाटेवर थांबला म्हणून वाईट वाटतं, पण वाट त्याने दाखवली ही गोष्ट खरी.

वाचनवेडी

काल रात्री गतीमान यांनी सांगितला तसा ओरेमचा त्रिकोण कागदावर काढला आणि खालच्या रेषेचे चार सारखे भाग केले. पहिल्या भागात एक छोटा त्रिकोण बसतो, दुसऱ्यात तसेच तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात! म्हणजे सारख्या सारख्या वेळात अंतरं १, ३, ५, ७ अशी वाढतात. हेच तर गॅलिलिओने पडणाऱ्या वस्तूंसाठी म्हटलंय ना, विषम संख्यांचा नियम. मग हे ओरेमला दिसलं नसेल का? आकृती तर त्याचीच आहे.

गतीमान

दिसलं होतं! युक्लिडवरच्या त्याच्या प्रश्नांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, शून्यापासून एकसारखा वाढणारा गुण घेतला आणि सारखे भाग केले तर ते १, ३, ५, ७ च्या प्रमाणात येतात. फक्त ‘गुण’ म्हणालाय, दगड म्हणाला नाही. पडणारी वस्तू असा एकसारखा वेग वाढवत पडते हे १५५१ मध्ये दोमिंगो दे सोतो या स्पॅनिश धर्मशास्त्र्याने लिहिलं, तेही दाखला म्हणून, मोजून नाही. आणि मग गॅलिलिओने सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत सरळ गुळगुळीत खाच कोरली, तिरकी ठेवली, ब्राँझची गोळी सोडली, आणि गोळी खाली येईपर्यंत मोठ्या भांड्याच्या बारीक नळीतून पेल्यात जेवढं पाणी पडलं तेवढं तराजूत तोलून वेळ काढला, शंभर शंभर वेळा.

मापपट्टी

तोललेलं पाणी. मी इतका वेळ हेच म्हणत होतो. पण ते पाणी कशाशी ताडून बघायचं, तो १, ३, ५, ७ चा आकडा मात्र ओरेमच्या आकृतीत आधीपासून होता, हे आज वाचनवेडींच्या कागदावरून मला पहिल्यांदा नीट दिसलं.